वन्संना, मोटारसायकलीच्या आवाजाबद्दल

तीर्थस्वरूप वन्संना भावजयीचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमच्याकडेही तसंच असावं. गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही कळवलं होतं, की डावा बरा झाला आणि त्याच्या जागी उजवा दुखायला लागला. तेव्हा सध्या कोणाची पाळी चालू आहे ते कळवा, म्हणजे काळजी नेमकी करता येईल. पत्र जरा लांबणार आहे. पाठीला उशी घ्या, चष्मा लावा आणि मगच पुढे वाचा.

विषय गंभीर आहे. तुमच्या धाकट्या बंधूंनी मोटारसायकलीला नवी नळी बसवून घेतली आहे. (नळी म्हणजे धूर जातो ती. जुन्या नळीत आवाज गिळायची सोय होती. गॅरेजवाल्यानं ती काढून टाकली आणि वर मला समजावलं, की काकू, आता गाडी मोकळा श्वास घेते. गाडी मोकळा श्वास घेते तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात.) यांचं म्हणणं असं, की आवाज मोठा असला की आपण येतोय हे रस्त्यावर सगळ्यांना कळतं, आणि कळलं की कोणी अंगावर येत नाही. जितका आवाज मोठा तितकं आयुष्य मोठं. हे मत त्यांनी मला, शेजाऱ्यांना आणि चष्मा घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं आहे.

हे खूळ आलं कुठून ते सांगते. गेल्या वर्षीचा अपघात तुम्हाला आठवतच असेल, तुम्ही लगोलग येऊन राहिला होतात. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार एका गृहस्थांनी मागे न बघता उघडलं, हे त्या दारावर आदळले आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. पण पुढची गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, की तुम्ही मला दिसलाच नाहीत हो. आता ज्या माणसाचा जन्म चष्मे करण्यात गेला, त्याला रस्त्यावर आडवं पडलेलं असताना हे वाक्य ऐकवू नये. यांनी तशा अवस्थेत त्यांना दुकानाचा पत्ता दिला आणि डोळे तपासून घ्यायला बोलावलं. गृहस्थ सज्जन, खरंच आले. (आम्ही त्यांना आता दारवाले म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांची हरकत नाही.) हात गळ्यात अडकवून यांनी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, आणि दारवाल्यांनी अगदी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली. नंबर नाही, मोतीबिंदू नाही, काही म्हणजे काही नाही. हे घरी आले ते तोंड पाडून. इतके चांगले डोळे असलेल्या माणसाला जर मी दिसलो नाही, तर मग दिसण्यात काही राम नाही, असं त्यांचं मत झालं. तेव्हापासून डोळ्यांच्या धंद्यात राहून ते कानांवर विसंबायला लागले.

त्याचे परिणाम माझ्या पाळणाघराला भोगावे लागतात. दुपारी सगळी पोरं कशीबशी निजवावीत, मी पाठ टेकावी, आणि यांची जेवायला यायची वेळ व्हावी. कोपऱ्यावर आवाज होतो आणि सगळे पाळणे एकदम जागे होतात. एकाला थोपटावं तर दुसरं हातपाय झाडतं. हे आत येतात, हात धुतात आणि मुलं का रडताहेत म्हणून मला विचारतात. एका मुलीनं तर आई म्हणायच्या आधी ‘ढुर्र’ म्हणायला सुरुवात केली. हा शब्द कोणाचा, असं तिच्या आईनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या यांचा.

शेवटी मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, पाहूनच घेऊ. दारवाल्यांना विनंती केली. (त्या दारापायी ते आमची कुठलीही विनंती मान्य करतात.) सुटीच्या दिवशी त्यांनी तीच मोटार आमच्या गल्लीत कडेला उभी केली. काचा वर, एसी सुरू, गाणी सुरू, म्हणजे एरवी असतं तसं. मी शेजारी बसले. मागून हे येणार, आणि मोटारसायकल ऐकू आली की दारवाल्यांनी हात वर करायचा, असं ठरलं. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे गप्प बसलो होतो. दारवाल्यांनी हात वर केला तेव्हा हे त्यांच्या दाराच्या मुठीशी येऊन पोचले होते. मला तर तोवर तो गाण्यातलाच ढोल वाटत होता. हे पुढे निघून गेले आणि मग मात्र कानठळ्या बसल्या, कारण नळीचं तोंड मागे असतं. उतरून पाहते तो मागची अख्खी गल्ली गॅलऱ्यांत उभी. ज्यांना हे ओलांडून आले होते त्यांना यांची खडान्‌खडा खबर होती, आणि ज्यांच्यापर्यंत पोचायचं होतं त्यांना पत्ता नव्हता. मी हे सगळं शांतपणे यांच्यापुढे मांडलं. यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, की दारवाल्यांचे कान तपासून घ्यायला हवेत.

इथवर मला हसू यायचं. पुढे मात्र हसण्यासारखं नाही.

मागच्या आठवड्यात हे जेवायला आले आणि त्यांच्या पाठोपाठ एक अनोळखी माणूस जिना चढून आला. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. टँकर खाली रस्त्यातच उभा करून आला होता. मला वाटलं भांडायला आलाय, पण तो पोरांच्या बुटक्या खुर्चीवर मटकन बसला आणि त्यानं पाणी मागितलं. दोन पेले प्यायला. म्हणाला, “काकू, मी हॉर्न वाजवून वाजवून थकलो. हे न बघताच उजवीकडे वळले. एवढंसं राहिलं होतं.” आणि त्यानं बोटांनी ते अंतर दाखवलं. हे दाराशीच उभे होते, हेल्मेट अजून डोक्यावर. मला हॉर्न ऐकूच आला नाही, असं म्हणाले. “कसा येईल?” ड्रायव्हर म्हणाला. पेला खाली ठेवला आणि जिना उतरला. वन्सं, त्याची बोटं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मी फार घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं मागे बसले. (मी त्या गाडीवर बसणार नाही अशी शपथ घेतली होती. मोडली.) रस्ता मोकळा होता तोवर ठीक होतं. मग उभ्या मोटारींची रांग लागली, आणि माझा हात ज्या खांद्यावर होता तो खांदा लाकडासारखा ताठ झाला. शर्ट घामानं भिजला होता आणि ऊन तर काहीच नव्हतं. प्रत्येक मोटारीपाशी हे मूठ पिळून आवाज चढवत होते. मध्येच पुढची बस थांबली म्हणून आवाज जरा उतरला, तेव्हा मला ऐकू आलं, की हे हेल्मेटच्या आत पुटपुटताहेत. दार, दार, दार. प्रत्येक मोटारीला एक. इतके दिवस मला वाटत होतं, की हा माणूस जगाला ऐकवायला निघालाय. अंधाऱ्या बोळातून एकटं जाताना माणूस मोठ्यानं गाणं म्हणतो ना, तसा आहे तो आवाज. घरी आले. पोरांची दुपटी घड्या घालत बसले आणि रडले.

असो. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, मी आपलं सहज कळवलं. उत्तराची घाई नाही. गुडघ्यांना जपा आणि घरच्यांना आमचे नमस्कार सांगा.

तुमची भावजय

ता. क. – सहज कळवलं हे खरं नाही. वन्सं, यांच्या गळ्यातली झोळी निघाली त्या दिवशी मी म्हणत होते, की आता बसनं जा, बस तर दुकानाच्या दारात थांबते. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “माझा भाऊ आहे तो. पडला तरी पुन्हा बसणार.” कौतुकानंच म्हणालात, मी काय ओळखत नाही का तुम्हाला? पण तेव्हापासून हे तुमच्या त्या वाक्यावर बसून दुकानात जातात. मोटारसायकल सोडा असं मी म्हटलं, की ते भ्याले असं होतं. तुम्ही म्हटलं, की ते नुसते आज्ञाधारक ठरतात. तुमचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिलेला नाही. तेव्हा एक चांगलं खरमरीत पत्र पाठवा. कारण काहीही द्या – वय, शेजारीपाजारी, माझी पोरं. भीती हा शब्द तेवढा कुठं येऊ देऊ नका, आणि मी लिहिलं होतं हे कळू देऊ नका.

ता. क. दुसरा – पाकीट फाडून पुन्हा चिकटवलं आहे, राग मानू नका. डिंक लावून टेबलावर ठेवलं होतं. हे दुकानात निघाले तेव्हा त्यांनी ते उचललं, पोस्टात टाकतो म्हणाले. वरचा तुमचा पत्ता वाचला. आत काय आहे ते विचारलं नाही. दारापर्यंत गेले, परत आले आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. “ताईला म्हणावं, फोनवर नको. काय रागवायचं ते पत्रातच रागव. म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येतं.” मग बराच वेळ किल्ली हातात घेऊन तिथंच उभे राहिले. “आणि जरा लवकर पाठव म्हणावं.”