एका वेळी एकच अवघड विषय

लास क्रूसेस, मंगळवार

प्रिय मारिसेलाताई,

काल फोनवर तू विचारलंस, "पुढच्या ऑगस्टला फार्मसीच्या अभ्यासक्रमाला जातेयस ना?" मी "हो" म्हणाले. ते खोटं होतं.

जानेवारीच्या सत्रात मी ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी एकदमच घेतल्या होत्या, शिवाय दुपारी औषधांच्या दुकानातलं काम होतंच. ऑरगॅनिकच्या पहिल्या पेपरात शंभरात एकतीस पडले आणि मी तो विषय सोडून दिला. तो पास झाल्याशिवाय फार्मसीला प्रवेशच नाही. तुला मात्र सांगितलं, "जमतंय गं." तू नुकतीच पप्पांना डायलिसिसहून घेऊन आली होतीस, माझ्याच्याने खरं बोलवेना.

आज कॉलेजातल्या सल्लागार बाईंना भेटले. म्हटलं, "ऑरगॅनिक उन्हाळी सत्राच्या आठ आठवड्यांत उरकून टाकते."

"आणि पुन्हा सोडलास तर फार्मसीवाले तुला घेतील का, पोरी? एका वेळी एकच अवघड विषय घे. वर्ष जाईल, जाऊ दे."

ते वर्ष तुझं जाणार आहे, ताई. मी कमावती झाले की पप्पांना मी बघायचं आणि तू नर्सिंगला जायचं, असं ठरलंय आपलं. तरी मी एकाच विषयाच्या अर्जावर सही केली.

आता वाटतंय, हे तुला कागदावर वाचायला लावणं म्हणजे पुन्हा पळणंच. म्हणून हे पत्र टाकणार नाही. शनिवारी स्वतः येते आणि तोंडाने सांगते. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण मला आत घे.

तुझी भित्री,
यादिरा