वगळलेला शब्द

बडोदे, दांडिया बाजार,
सोमवार, ता. ९ मार्च १९०८

तीर्थरूप गं. भा. इंदिरावहिनींस,
शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार.

आपल्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहिताना अजून हात थांबतो. नवसारीस माहेरी आपली प्रकृती बरी असेल. मुलींचा खोकला गेला का? येथे ऊन तापू लागले आहे. दादांची पुस्तके पेटीत भरून ठेवली.

कापसाच्या जिनात ज्या स्फोटाने दादा गेले, त्याचा खटला संपला. बॉयलरवरच्या आगवाल्या जेठाला दोन वर्षे सक्तमजुरी झाली. मागील पत्रात आपण लिहिलेत, ‘त्याचे हात झडोत.’ ते भाजलेलेच आहेत, वहिनी.

काल त्याची बायको पाणीगेटाहून आली. ओट्यावर बस म्हटले तरी बसली नाही.

“साहेब, तेओ कहे छे, तमे ‘ऊपर’ कह्युं हतुं.”

“वात मूकी दे, बाई,” तो विषय सोड म्हणून मी म्हणालो.

“क्यां मूकुं, साहेब? ऊपर के नीचे?”

एवढे बोलून ती गेली.

आता लिहितोच. तो बॉयलर मी बांधला होता, जुन्या पत्र्याचा. वाफ पुरेशी चढत नव्हती आणि दादा पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर चाक मंद फिरावे, हे मला सोसवेना. जादा वाफ सोडणाऱ्या झडपेवर आणखी वजन ठेवायला मी जेठाला सांगितले. तो म्हणाला, “साहेब, फाटशे.” मी म्हणालो, “ऊपर मूकी दे.” त्याने ठेवले. दादा आत आले आणि बॉयलर फुटला.

चौकशीत मी सांगितले, मी नुसते ‘मूकी दे’ म्हणालो. गुजरातीत त्याचा अर्थ ‘ठेव’ होतो, तसा ‘राहू दे, सोड’ असाही होतो. मी सोड म्हणालो आणि त्याने उलटे ऐकले, असे लिहिले गेले. ‘ऊपर’ हा शब्द मी गाळला. तो असता तर दुसरा अर्थ निघालाच नसता. साहेब मराठी, त्यांचे गुजराती कच्चे, म्हणून कोणी पुढे विचारले नाही.

दादांना अग्नी मीच दिला. तेव्हाही गप्प होतो.

आज अकरा वाजता न्यायाधीशांपुढे लेखी जबानी देणार आहे. वकील म्हणतात, थांबा. मी थांबणार नाही. होईल ती शिक्षा भोगीन. आपल्याकडे क्षमा मागत नाही. जेठाला मात्र बोल लावू नका.

हे पत्र आधी टपालात टाकतो, मग कचेरीत जातो. म्हणजे पायरीवरून परत फिरायला जागा उरणार नाही.

ज्याच्या हुकमाने दादा गेले तो,
शरच्चंद्र