उजवा कौल

वेंगुर्ले, सोमवार सकाळ

कुमुदच्या बाबांस,

मी सहाच्या एस.टी.ने कोल्हापूरला जाते आहे. वकिलीची पहिली परीक्षा उद्यापासून आहे. शनिवारी परत येईन. पेज चुलीवर आहे, सुके बांगडे शिंक्यात. झोपताना कुमुद रडली तर तिला करार कायद्याची कलमे वाचून दाखवा. दिवाळीपासून तिला थोपटताना मी तीच घोकली, आता तिला दुसऱ्या कशाने झोप येत नाही. वही उशाशी ठेवली आहे. मला ती पाठ आहे.

गेल्या वर्षी मी परीक्षेला बसावे का, म्हणून तुम्ही देवळात कौल लावलात आणि देवाने डावा दिला असे घरी येऊन सांगितलेत. मी मुकाट्याने पुस्तके माळ्यावर टाकली. दिवाळीत गुरव दारी आला, तेव्हा त्याने परीक्षेचे विचारले. मी डाव्या कौलाचे सांगितले, तर तो म्हणाला, "कौल उजवो इल्लो, बाईनू. तुमका कोणी सांगूक नाय?"

त्याच दिवशी पुस्तके खाली काढली.

आल्यावर तुम्ही विचाराल, कोणाला विचारून गेलीस. देवाला विचारून गेले. विचारायला तुम्हीच गेला होतात.

सुलभा