पोरीले साखर चालत नाई

माय, काल नातीनं विचारलं, तुझी आई काय शिकली होती? मी म्हटलं, रसायनशास्त्र. पोरगी हसत सुटली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. करू दे तिला हसू. सही करता येत नसलेल्या माझ्या मायनं घरात प्रयोगशाळा चालवली, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन.

अंजनगावला आपल्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी अन् जवसाची चटणी. गव्हाची पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. मग मला अमरावतीला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. घराण्यातली पहिली पगारदार बाई! बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, वावर काकांच्या हवाली करून तू माझ्यासोबत दोन खोल्यांत राहायला आलीस अन् आल्या दिवशीच भाकरी थापायची काठवट माळ्यावर टाकलीस. मास्तरीणबाईच्या ताटात भाकर शोभते काय, म्हणे. तेव्हापासून दोन्ही वेळा पोळी, तीही वनस्पती तुपात भिजलेली. सकाळी शिरा, शाळेतून आले की गोडमिट्ट चहा. शेजारणींना दिसावं म्हणून तू दार सताड उघडं टाकून पोळ्या लाटायचीस. मलाही ते गोड लागत होतं, उगाच कशाला नाकारू? गावाकडे वावरात जाऊन-येऊन पाय दुखायचे, इथं शाळा चार पावलांवर अन् दिवसभर खुर्ची. दोन वर्षांत सगळी पोलकी उसवून सैल करावी लागली. तू खुशीत म्हणायचीस, नोकरी मानवली पोरीले.

चोविसाव्या वर्षी मला तहान लागायला लागली. एका तासाला दोनदा वर्ग सोडून जावं लागायचं, पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. तू मला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तापवली, तर रंग विटेसारखा लाल झाला, म्हणजे लघवीत साखर भरपूर. मग गावात काय खायचो, आता काय खातो, किती चालायचो, सगळं खोदून विचारलं. रोग रक्तातच असावा, म्हणाले, पण या खाण्यानं अन् बसून राहण्यानं तो इतक्या लवकर वर आला.  परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर तू एवढंच बोललीस, "म्हंजे मीच चारला काय तुले हा रोग?" मी नाही म्हटलं, पण जरा उशिरानंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काठवट माळ्यावरून खाली आली. वनस्पतीचा डबा घासूनपुसून त्यात तू ज्वारी भरलीस. लोक काय म्हणतील, हे तुझं पालुपद त्या दिवसापासून बंदच झालं. रोज संध्याकाळी मला वडाळी तलावापर्यंत चालवत न्यायचीस. अन् रोज सकाळी, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे, काचेची नळी, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा! थेंब मोजताना तू श्वाससुद्धा घेत नव्हतीस. साखर उतरेल तसा रंग बदलत गेला. वीट, मग हळद, अन् तीन महिन्यांनी एका सकाळी नळी खिडकीशी धरून म्हणालीस, "पाह्य, कोथिंबीर झाली." माझ्या कॉलेजातल्या सरांनाही एवढा आनंद होताना मी पाहिला नव्हता.

पुढच्या साली अकोल्याच्या वकिलांचं स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता, आता सांगायला काय हरकत आहे. बोलणी पक्की झाली, मला पाटावर बसवलं. तोंड गोड करायला मुलाच्या आईनं चिमटीत साखर घेतली, माझ्या ओठांपाशी आणली, अन् तू पुढे होऊन त्या बाईचं मनगट धरलंस. "पोरीले साखर चालत नाई. तिले साखरेचा रोग हाये."  मंडळी चहा घेऊन गेली, आठवड्यानं नकाराचं पत्र आलं.

मी तुझ्यावर ओरडले. चिमूटभर साखरेनं काय आभाळ कोसळलं असतं? तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "चिमटीनं काईच झालं नसतं. पन लपवून गेली असती, तर त्या घरी नळी कुठं तापवली असती तू? लाजंपाई जे वाढतीन ते खात बसली असती." आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. दोन वर्षांनी जे स्थळ आलं, त्यांना तर तू हातात पाण्याचा पेला देण्याआधीच रोग अन् नळी, सगळं सांगून टाकलंस. त्या माणसानं शांतपणे विचारलं, मग आज कोणता रंग आला? तोच तुझा जावई.

आज माझे डोळे शाबूत आहेत, पाय शाबूत आहेत. डॉक्टर विचारतात, इतकी वर्षं कसं सांभाळलंत? मी तुझं नाव सांगते, अन् सांगताना मान ताठ होते.

हे पत्र टाकायचं कुठं, अन् तुला वाचून दाखवायचं कुणी? तरी एक गोष्ट लिहून ठेवते, तुला कधी सांगितली नाही. तू त्या बाईचं मनगट धरलंस तेव्हा तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून तुला दिसलं नाही. साखर घ्यायला मी तोंड उघडलं होतं.