काकूंचा नारळ

कोब्लेंझ, जर्मनी
नारळी पौर्णिमा

तीर्थरूप आण्णा,
जिज्ञासाचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. टूरसोबत कंपनीचा आचारी असतो, त्यामुळे रोज वरणभात मिळतो.

आज ग्रुपला बोटीतून ऱ्हाइन नदी दाखवली. दोन्ही काठांना डोंगरांवर जुने किल्ले, खाली द्राक्षांचे मळे. दर टूरला कोणीतरी विचारतंच, "मॅडम, इथे पाणी किती खोल असेल?" मी माइकवर सांगते. आवाज बदलत नाही.

आईची शुगर तपासली का? तुम्ही अजून रोज घाटावर जाऊन बसता, असं शेजारची उन्नती फोनवर म्हणाली. निदान छत्री तरी नेत जा.

दुपारी ठाण्याच्या एका काकूंनी पर्समधून नारळ काढला. हळदकुंकू लावलेला, आपण दरवर्षी उल्हास नदीला सोडायचो तसाच. त्यांनाही तो नदीत सोडायचा होता. इथे दंड होतो, असं मी सांगून टाकलं. खरं-खोटं मलाही माहीत नाही.

गेल्या पावसात हितेशदादा बुडाला, तेव्हा तुम्ही काठावर नदीकडे बघून म्हणालात, "आता हिला आपल्या घरातनं काय नाय." तेवढंच आठवलं. रडूबिडू आलं नाही.

नारळ मीच बोटीच्या कठड्यावर फोडला. खाली ग्लास धरून सगळं पाणी त्यात घेतलं. खोबरं सगळ्यांना वाटलं, मीही खाल्लं.

नदीला थेंबभरसुद्धा दिलं नाही, आण्णा.

तुमची,
जिज्ञासा