जोडवी फिरतायत

सोम., १२ मार्च १९८४
आईला घेऊन देवरूखला डॉ.कडे. हृदय दुबळं झालंय. बरं होणार नाही, सांभाळायचं. मीठ कमी, पाणी मोजकं, लघवीची गोळी रोज. पाय सुजले तर अर्धी जादा. आई म्हणाली, "माझी जोडवी सांगतील की." बोटात फिरली तर सूज नाही. डॉ. हसले, चालेल म्हणाले.
परतताना एस.टी.त नाम घेत बसलो. नुसतं तोंडाने.

गुरु., १५
पूजेनंतर आईचे पाय बघितले. "मेल्या, आधी देवाचे धर."
"त्याचे झाले."
जोडवी घट्ट. अर्धी जादा दिली. सौ.ने आमटी अळणी केली. बाबांनीही तीच खाल्ली.

मंगळ., २०
जोडवी फिरतायत. कालही फिरत होती. जादा गोळी नाही. देवीची पालखी घरी येईल तेव्हा ओटी आपणच भरणार म्हणते.
"यंदा सुनेला भरू दे."
"का? मी मेले काय?"

शुक्र., २३
पालखी आली. आई ओटी घेऊन उठली नि खांबाला धरून खाली बसली. धाप. ढोलांत कुणाला कळलंच नाही. जीपने देवरूख. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले.
जोडवी फिरत होती.

शनि., २४
बाबांना जोडव्यांचं विचारलं. "रुतत होती तिला. पकडीने जरा सैल केली मी." मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं.
असू दे म्हणालो. राग आला नाही, काहीच आलं नाही. रोज पाय हातात घेत होतो, एकदाही दाबून पाहिले नाहीत.

गुरु., २९
आई घरी. विचारलं, पाय सुजल्याचं सांगितलं का नाहीस?
"पालखी जाऊ दे, मग सांगणार होते."
बाबांनी जोडवी परत आवळली. पकड दोनदा निसटली. आई म्हणाली, "लग्नात सोनाराला पण एवढा वेळ नाय लागला."

रवि., १ एप्रिल
पूजा अर्धी झाली होती. आईची हाक. पाय पुढे करून बसलेली.
"घट्ट हायत रे. अर्धी जास्त दे आज."
आजवर स्वतःहून कधी बोलली नव्हती. गोळी दिली. नडगीवर अंगठा दाबला. खळगा राहिला. बाबाही येऊन बसले. तो भरतो का, ते बघत तिघंही बसलो.