दोर माझ्या हातून सुटला नव्हता

बेसा, नागपूर

प्रिय काकू,

हे पत्र तुझ्या घरी नाही, तू काम करतेस त्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणून दचकू नकोस. तुझा फोन काका बघतो हे मला माहीत आहे, आणि यातलं अक्षरही त्याच्या नजरेखालून जायला नको आहे.

सुट्टीत घरी येऊन मला बारा दिवस झाले. या बारा दिवसांत माझा जर्मनीतला अभ्यास कसा चालला आहे हे एकानेही विचारलं नाही. सगळ्यांना फक्त तुझ्या मनगटाबद्दल बोलायचं आहे. कामठीहून रंभाआत्या आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "एवढी परदेशात शिकून राहिली, अन् तुले एक दोर नाही पकडता आला काय वं?" सक्करदऱ्याला आजी माझ्याशी धड बोलत नाही, चहाचा कप समोर ठेवते आणि पाठ फिरवते. तिच्या लेखी मी बोटीवर मोबाईल बघत बसले, हातातला शिडाचा दोर सोडला आणि धाकट्या सुनेचा हात मोडला. काकाने फोनवर सगळ्यांना हेच सांगितलं. मोबाईल तर त्याने पदरचा घातला. तू माझ्याकडून डॉक्टरीणबाईंना सांगवलेल्या गोष्टीत मोबाईल नव्हता.

मी पाच वर्षांची असताना तू लग्न होऊन आलीस. माझ्या दोन वेण्या तूच घालायचीस, इतक्या घट्ट की शाळेत डोकं दुखायचं, पण दिवसभर एक केस सुटायचा नाही. तू काकाबरोबर म्युनिकला गेलीस तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढे मला स्टुटगार्टला प्रवेश मिळाला तेव्हा आईबाबांपेक्षा जास्त आनंद मला झाला होता, कारण तू तीन तासांवर येणार होतीस. त्यामुळे जूनच्या सुट्टीत काकाने क्रोएशियात शिडाची बोट भाड्याने घेतली आणि मलाही चल म्हणाला, तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

पहिले दोन दिवस किती छान होते, काकू. काकाने नुकताच बोट चालवायचा परवाना काढलेला. कप्तानाची पांढरी टोपी घालून तो आपल्या दोघींना हुकूम सोडायचा आणि आपण पाठ फिरवून हसायचो. पण बोट खरी कळली तुला. तू उमरेडच्या विणकराची लेक. दोर हातात घेतलास आणि म्हणालीस, "धाग्यासारखंच तर आहे. ताण जास्त झाला का हाताले कळते." काका पुस्तकात बघून शीड फिरवायचा आणि ते फडफडायचं. तू वीतभर दोर सैल केलास की बोट आपोआप पळायची. तुझा असा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

तिसऱ्या दिवशी त्या लहान बंदरात शिरताना वारा आडवा होता. काकाने दोनदा बोट धक्क्याला लावायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा शेजारच्या बोटीवर घासता घासता राहिली. लोक उठून बघायला लागले. मी पुढे दोर धरून उभी होते; तो सुकाणू सोडून माझ्यावर ओरडत पुढे आला, आणि मागे कोणीच नाही म्हणून तू चाक धरलंस. घाई न करता, जरासा वळसा घेऊन तू बोट अशी लावलीस की साधा धक्काही बसला नाही. शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि काकाला म्हणाला, खरी कप्तान तर ही आहे. काका हसला. मीही वेड्यासारखी हसले.

मी ब्रेड आणायला गेले. परत येऊन बोटीच्या खालच्या खोलीत उतरत होते, तेव्हा पायरीवरूनच दिसलं. काकाने तुझं मनगट धरलं होतं. "लोकाईसमोर माझी इज्जत काढून राहिली काय?" तो ओरडतही नव्हता. त्याने हात पिरगाळला, आणि तो आवाज मी ऐकला. मग त्याने वर पाहिलं, त्याला मी दिसले, आणि म्हणाला, "बर्फ आण."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काकाला मुद्दाम बाहेर बसवलं. तुझ्या मनगटाभोवती त्याची चार बोटं उमटलेली त्यांना दिसत होती. हे कसं झालं, तुला इंग्रजी अवघड जातं म्हणून त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. तू मराठीत म्हणालीस, "सांग, उन्नतीच्या हातून दोर सुटला, शिडाचा दांडा लागला." माझ्याच तोंडून माझं नाव. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

मला तुझा राग आला आहे, काकू. तू त्याला वाचवलंस म्हणून कमी, आणि त्या बंदरात जे केलंस ते पुसून टाकलंस म्हणून जास्त. परवा आजी फोनवर तुझी विचारपूस करत होती तेव्हा मी शेजारीच बसले होते. तू म्हणालीस, "मले कुठे बोटीतलं काही समजते? मी तर नुसती बसून होती." हे मला दोराच्या खोटेपणाहून जास्त लागलं.

आणि माझ्या स्वतःच्या रागाला तर ठिकाणच नाही. आज सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते स्कूटर पुसत होते. बराच वेळ एकच आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईले तवाच काहून नाही सांगतलं वं?" मी म्हटलं, काकूने नको म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. माझ्या व्हिसाला काकाची हमी आहे. तो चिडला तर माझं शिक्षण थांबेल, हे त्या खोलीत माझ्या डोक्यात आलं होतं. तुझा हात समोर लोंबत असताना आलं होतं. बाबांनाही मी हे सांगू शकले नाही. फक्त तुला लिहिते आहे.

आता या पत्राचं कारण. पुढच्या महिन्यात महालक्ष्म्यांना तुम्ही दोघं सक्करदऱ्याला येणार आहात. सगळं घर जमलेलं असताना मी तुझ्या पाया पडून माफी मागायची, असं काकाने आजीकडून ठरवून घेतलं आहे. तुझ्या पायाशी मी केव्हाही वाकेन. पण माफी मागणार नाही. तिथे उभी राहून जे पाहिलं ते सांगेन. तू मला खोटी पाडलीस तर पाड, मी सोसेन. व्हिसाचं व्हायचं ते होवो. तू तिथे बेसावध सापडू नयेस म्हणून आधी कळवते आहे. तुला स्वतः बोलायचं असेल तर आधी तू बोल, मी फक्त शेजारी उभी राहीन. दुपारी बाबा कुठेसे गेले आणि सुताराला घेऊन आले. आमच्या वरच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, ती बसवून घेतली. ती खोली तुझी आहे, आठ दिवस राहा नाहीतर कायमची. येताना तुझा पासपोर्ट तुझ्याच पर्समध्ये ठेव.

तुझीच,
उन्नती